पाच वाजताची लाल रेघ

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज कुलसचिवांनी बोलावून एक काम गळ्यात घातलं. विद्यापीठात 'नैतिक कार्यसंस्कृती समिती' स्थापन होणार आणि तिची अध्यक्ष मी. नाव एवढं लांब की पाटी करायला दार पुरणार नाही. म्हणाले, "हेमावती मॅडम, तुमच्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा नाही, म्हणून तुम्हीच." खोटं कशाला लिहू, ऐकून बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत ऑफिसची एक पेन्सिलसुद्धा घरी आणली नाही. त्याची दखल कुणीतरी घेतली.

घरी येऊन सांगायला कुणी नव्हतं. अप्पा जाऊन चार वर्षं झाली. बंगळूरला शेषगिरीला फोन लावला, तर भाऊराया मीटिंगमध्ये. बरं झालं येताना सुभाष रोडवरून ही वही घेतली. वहीला मीटिंग नसते.

९ जानेवारी, गुरुवार

समितीत आम्ही तिघं. मी, सहायक कुलसचिव किरण आणि एक प्राध्यापक, जे पहिल्याच बैठकीला आले नाहीत. किरण छत्तीसचे आहेत, चलाख आणि तोंडाने गोड. पहिला निर्णय असा की तळमजल्यावर तक्रारपेटी लावायची. चिठ्ठीवर नाव नको, किल्ली माझ्याकडे.

दुपारी वत्सलाअक्कांना सांगितलं. अक्का आमच्या आवक खिडकीवरच्या कारकून. विद्यापीठात येणारा प्रत्येक अर्ज आधी त्यांच्या हातात पडतो, नोंदवहीत चढतो, त्याच्यावर तारखेचा शिक्का बसतो, मग तो वर आमच्याकडे येतो. त्या रोज अळणावरहून ये-जा करतात, एप्रिलअखेर निवृत्त होतील. नऊ वर्षांपूर्वी कारवारच्या केंद्रातून मी बदलून आले, तेव्हापासून आमचा डबा एकत्र आहे. जोंधळ्याच्या भाकरी त्यांच्या, भाजी-चटणी माझी. मला भाकरी थापता येत नाही. "तुम्ही फायली बघा, भाकरी माझ्याकडं राहू द्या की," असं त्या म्हणतात.

पेटीचं ऐकून म्हणाल्या, "पेटी कशाला हेमाबाई? माणूस समोर येऊन बोलायला भितंय, ते का भितंय बघा की आधी."

मी म्हटलं, भीती जावी म्हणूनच पेटी. त्यांनी अर्धी भाकरी मोडून माझ्या डब्यात ठेवली आणि विषय तिथेच संपला.

१५ जानेवारी, बुधवार

पेटी उघडली. अकरा चिठ्ठ्या. सहा लेखा विभागाच्या पंख्याबद्दल, दोन कॅन्टीनच्या चहाबद्दल, एक कोरी. एकीत लिहिलं होतं, पेटी फार उंच लावली आहे, हात पुरत नाही. शेवटची अशी: 'जिन्यात हेमावती मॅडमच्या चपलांचा आवाज आला की सगळे कामाला लागतात.' किरण ओठ दाबून हसले. मी ती कौतुकात धरली.

काल संक्रांत झाली, म्हणून आज एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तिळगूळच, वाटताना नव्या मुलींना माझी गोष्ट सांगितली. कामाची निष्ठा म्हणजे काय ते त्यांना कळावं. २८ जून १९९६, माझ्या अर्जाची शेवटची तारीख. आम्ही तेव्हा हल्याळला. अप्पा आणि मी दुपारीच निघालो, वाटेत बस बंद पडली. काही अंतर चालत, मग लाकडाच्या लॉरीत बसून धारवाडला पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. पावसाळी आभाळ, सगळी इमारत अंधारात, फक्त एका खिडकीत दिवा. तो रस्त्यापासून दिसत होता. दिव्यामुळे आतल्या बाईंचा चेहरा दिसला नाही, हिरव्या बांगड्यांचे हात तेवढे दिसले. त्या हातांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, पावती दिली. क्रमांक ४१७ अ. अप्पांनी ती पावती देवघरातल्या डब्यात ठेवली, अजून तिथेच आहे.

मुलींना सांगितलं, तेव्हा लोक सहा-सहा वाजेपर्यंत बसून काम करायचे, आता पाचला पर्सची चेन वाजते. वत्सलाअक्का शेजारीच एळ्ळु-बेल्ल वाटत होत्या. त्या वाटतच राहिल्या. त्यांना ही गोष्ट मी आधीही सांगितली असेल.

२२ जानेवारी, बुधवार

किरण आज जरा नाराज होते. त्यांच्या मेव्हण्याच्या मुलाचा वसतिगृहाचा अर्ज एक दिवस उशिरा गेला, अक्कांनी तो घेतला नाही. "एवढ्या वर्षांची ओळख, मॅडम. पण अक्का अलीकडं कुणाचं ऐकतच नाहीत."

मी म्हटलं, बरंच केलं की. नियम मेव्हण्यालाही असतो. त्यांनी ते खिलाडूपणे घेतलं. तरुण माणसांत हे कमीच दिसतं.

२७ जानेवारी, सोमवार

पेटीत एकच चिठ्ठी. हाताने लिहिलेली नाही, जाड पांढऱ्या कागदावर छापलेली. 'आवक खिडकीत उशिरा आलेले अर्ज मागच्या तारखेने चढवले जातात. नोंदवहीतील अ लावलेले क्रमांक पाहावेत.'

किरणनी चिठ्ठी दोनदा वाचली, मान हलवली. "आपल्याच माणसाविरुद्ध लिहायला धैर्य लागतं, मॅडम. पेटी यशस्वी झाली म्हणायची."

कुणी लिहिली असेल? जो कुणी असेल त्याला नोंदवहीची चांगली माहिती आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

गेल्या तीन वर्षांच्या नोंदवह्या वर मागवल्या. शंका घ्यायला जागाच नाही. प्रत्येक दिवसाच्या शेवटी दोन ओळी रिकाम्या, मग पुढची तारीख. कधी त्या रिकाम्याच राहिल्यात, कधी वेगळ्या शाईने भरल्यात, आणि अशा नोंदीला आदल्याच नोंदीचा क्रमांक देऊन पुढे अ. आठवड्याला तीन-चार तरी आहेत.

अक्कांना बोलावलं. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"या ओळी कशा राहतात?"

"राहत नाहीत, सोडते मी."

"का?"

"अळणावरची गाडी उशिरा येती. हल्याळची बस बंद पडती. लेकरं पाच-वीसला धापा टाकत येतात, कधी रात्र कुठंतरी काढून सकाळी येतात. त्यांच्यासाठी दोन ओळी."

"आणि शिक्का आधीचा?"

"त्याच दिवशी निघालेली असतात की ती घरातून."

"किती वर्षं चाललंय हे?"

"खिडकीत बसल्यापासून. बत्तीस होतील."

मग मी विचारलं, कुणाकडून कधी काही घेतलंत का. विचारायला नको होतं, पण समितीचा प्रश्न होता.

"एका म्हातारीनं फणस आणून दिला होता. त्यातले गरे तुम्हीपण खाल्लाय." आणि दाराशी जाऊन म्हणाल्या, "येऊ का, मॅडम?"

नऊ वर्षांत त्यांनी मला फक्त दुसऱ्यांसमोर मॅडम म्हटलं होतं. खोलीत आज दुसरं कुणी नव्हतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

मनाला विचारलं, हे वत्सलाअक्कांऐवजी दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी काय केलं असतं? तेच केलं असतं जे आता करते आहे. म्हणून आजपासून पाचला दोन मिनिटं असताना मी स्वतः खाली जाते. घड्याळात पाच झाले की शेवटच्या नोंदीखाली लाल पेनाने रेघ मारते, शेजारी सही करते. एकही ओळ मोकळी राहत नाही.

अक्का वही माझ्याकडे सरकवतात, रेघ मारून झाली की परत ओढून घेतात. पट्टीसुद्धा काढून ठेवलेली असते, रेघ वाकडी जाऊ नये म्हणून.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वातावरणात फरक पडतो आहे. जेवणाच्या खोलीत पूर्वी केवढा कलकलाट असायचा, सासवा-सुनांपासून क्रिकेटपर्यंत. आता मी आत गेले की शांतपणे जेवण होतं. दहा मिनिटांत सगळे आपापल्या टेबलाशी परत. किरणना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हीच ती कार्यसंस्कृती, मॅडम."

अक्का आता खिडकीतच जेवतात, काम जास्त आहे म्हणतात. मी सवयीने भाजी तेवढी नेत राहिले आहे. नुसती वांग्याची भाजी चमच्याने खायची म्हणजे औषध घेतल्यासारखं होतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बहिःस्थ विद्यार्थ्यांच्या परीक्षा अर्जांची आज शेवटची तारीख. हे अर्ज अजून कागदावरच येतात. पाचला खाली गेले, रेघ मारली, सही केली. अर्जांचे गठ्ठे मोजून वर जायला वळले तर दारातून एक मुलगी पळत आली. पंचवीस-सव्वीसची असेल, ओढणीने कपाळ पुसत होती. नाव शीतल. अळणावरच्या पलीकडल्या खेड्यात अंगणवाडीत काम करते, एम. ए.चं शेवटचं वर्ष. घड्याळात पाच वाजून अठरा मिनिटं.

"मॅडम, गाडी वाटेत दीड तास थांबली," ती म्हणाली. "तिकीट आहे बघा." तिने तिकीट काचेवर धरलं.

मी तिच्यावर चिडले नाही. नीट समजावून सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा, आज तुझ्यासाठी मोडला तर उद्या ओळखीच्यांसाठी मोडेल. ती मान हलवत ऐकत होती, वर्गात ऐकतात तशी. मग तिने अर्जाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

अक्कांनी खिडकीतून पाण्याची बाटली दिली. मग पिशवी उचलली आणि तिच्याबरोबर बस स्टँडकडे चालत गेल्या. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मी बरोबर वागले. हे वाक्य आज तीनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

५ मार्च, बुधवार

कुलसचिवांना माझा अहवाल एप्रिलच्या मध्यापर्यंत हवा आहे. अक्का एप्रिलअखेर निवृत्त होतात, त्याआधी आरोपपत्र हातात पडलं पाहिजे. मग चौकशी संपेपर्यंत पेन्शन अडकेल. "दुःखद आहे," ते म्हणाले, "पण एक उदाहरण घालून द्यायला हवं." किरणनी मसुदा तयारही ठेवला आहे. जाड पांढऱ्या कागदावर, सुबक छापलेला. मी म्हटलं, माझा अहवाल मीच लिहीन.

अक्कांनी एकदाही रदबदली केली नाही. कुणाला पाठवलं नाही, रडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्यांची फार आठवण येते, आणि त्या माझ्यापासून एक मजला खाली बसलेल्या असतात.

१६ मार्च, रविवार

भाकरी थापायचा प्रयत्न केला. पहिली तव्यावर जाईपर्यंत तीन तुकडे झाली, दुसरी परातीतून निघेना. तुकडे दुधात कुस्करून खाल्ले. शेषगिरीचा फोन आला, म्हणाला, स्वयंपाकाला बाई का लावत नाहीस? त्याला काय सांगणार.

२३ मार्च, रविवार

पुढच्या रविवारी उगादी, म्हणजे पाडवा, म्हणून देवघर आवरायला काढलं. अप्पांचा डबा उघडला. माझी पावती.

४१७ अ.

डबा मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले.

२४ मार्च, सोमवार

दप्तरखोलीत गेले. १९९६ ची नोंदवही मिळाली. २८ जूनचं पान. शेवटची नोंद ४१७, काळ्या शाईत. खाली निळ्या शाईत ४१७ अ, हेमावती यशवंत मुतालिक, हल्याळ. त्याखाली एक ओळ रिकामी.

आज जास्त लिहवत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

दहा दिवस वही उघडली नाही. जे मनात आलं ते लिहायची लाज वाटत होती. आता लिहिते. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की पावती फाडून टाकावी. जुनी नोंदवही कोण बघतंय. नोकरीची सहा वर्षं उरलीत, नावाला डाग नाही. दुसरं मनात आलं की माझी गोष्ट वेगळी होती, आमची बस खरोखरच बंद पडली होती. मग शीतलचं तिकीट आठवलं, काचेवर धरलेलं.

जानेवारीत ते अ लावलेले क्रमांक मी बोट ठेवून ठेवून मोजले होते. पावतीचा क्रमांक मला तोंडपाठ. तरी दिसलं नाही. एवढी मी मूर्ख नाही, तेव्हा मला बघायचंच नसणार.

ती छापील चिठ्ठी आणि किरणचा मसुदाही शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एकच कागद. त्यांचं मला फारसं काही वाटलं नाही. त्यांनी चिठ्ठी टाकली, रेघ मी मारली.

१३ एप्रिल, रविवार

अळणावरला गेले. डब्यात वांग्याची भाजी नेली, कारण रिकाम्या हाताने जाववेना.

अक्कांचं घर लाकडाच्या वखारीमागे. अंगणात बाजेवर सांडगे वाळत घातलेले. मला बघून त्यांनी हात पदराला पुसले. "जेवलाय?" एवढंच विचारलं आणि आत जाऊन तवा ठेवला. मी चुलीजवळ पाट घेऊन बसले आणि पावती जमिनीवर ठेवली. त्यांनी ती उचलली नाही.

"चारशे सतरा अ," त्या भाकरी थापत म्हणाल्या. "हल्याळच्या मास्तरांची मुलगी. चपलेचा अंगठा तुटला होता तुमच्या. एक पाय अनवाणीच होता."

ते मी विसरले होते. मला रडू आलं. बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या माणसासमोर रडले. त्या थापत राहिल्या.

"तुम्हाला सगळी वर्षं माहीत होतं?"

"नाव लिहिलेलं विसरतंय का कोण?"

"मग त्या दिवशी माझ्या खोलीत का बोलला नाहीत? एका शब्दात मी गप्प झाले असते."

"म्हणूनच नाही बोलले," अक्का म्हणाल्या. "दिलेली ओळ अडचणीत परत मागायची, मग ती दिली कुठं? उसनी दिल्यासारखं झालं की."

भाकरी फुगली. त्यांनी ती माझ्या ताटात टाकली, भाजीचा डबा मध्ये ठेवला आणि समोर बसल्या.

"आणि तुमचं सगळंच चुकलं म्हणत नाही मी. कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे मी एकटीच ठरवत होते. कितीजणांना नको म्हटलं असेन, त्याचा कुठं पत्ता आहे? खोटा शिक्का तो खोटाच. पण मी खोटं का असेना, लिहीत तरी होते. तुम्ही लिहायचंच बंद केलात. ती पोरगी त्या दिवशी आली होती, हे कुठंच लिहिलेलं नाही, हेमाबाई."

हेमाबाई म्हणाल्या. मी दोन भाकरी खाल्ल्या.

निघताना म्हटलं, मी अहवालात काय लिहू? त्या म्हणाल्या, "जे दिसलं ते लिहा. माझी काळजी नका करू. होगली बिड्री." जाऊ दे हो म्हणाल्या, बत्तीस वर्षांच्या नोकरीला.

१६ एप्रिल, बुधवार

अहवाल दिला. चार पानं, मीच टाइप केली. पहिल्यात, अक्कांनी बत्तीस वर्षं मागचे शिक्के मारले हे खरं आहे. दुसऱ्यात, त्यांनी त्याचा मोबदला घेतल्याचं कुठेही दिसत नाही आणि ओळखीच्या माणसाला त्यांनी नकार दिल्याचं उदाहरण माझ्या माहितीत आहे. तिसऱ्यात, दूरच्या गावांसाठी शेवटच्या तारखेनंतर एक सवलतीचा दिवस नियमातच लिहावा, म्हणजे तो कुणा एकाच्या मनावर राहणार नाही. चौथं पान म्हणजे २८ जून १९९६ ची प्रत. खाली लिहिलं, 'देणाऱ्यावर कारवाई होणार असेल तर घेणाऱ्यावरही व्हावी. घेणारी मी.'

कुलसचिवांनी चौथं पान वाचून चष्मा काढला. "मॅडम, हे काय आहे?"

"जोडपत्र, सर."

"हे पान काढा. बाकीचा अहवाल उत्तम आहे."

"पान काढलं तर अहवाल माझा राहत नाही."

"अहो, एक पान उघडलं की तीस वर्षांच्या वह्या उघडाव्या लागतील. या इमारतीतले निम्मे लोक त्यात निघतील." मग बराच वेळ ते पंख्याकडे बघत बसले. मला वाटलं, ते स्वतःचं वर्ष आठवत असावेत.

जिन्यात कठडा धरून उतरले.

२२ एप्रिल, मंगळवार

पत्र आलं. 'समितीचे कार्य समाधानकारकरीत्या पूर्ण झाले असल्याने ती विसर्जित करण्यात येत आहे.' अक्कांवर आरोपपत्र नाही. माझ्यावरही काही नाही. सवलतीच्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. मेपासून आवक संगणकावर, पाच वाजता आपोआप बंद. ते काम किरणकडे.

म्हणजे अक्का सुटल्या, पण न्यायाने नव्हे, सगळ्यांच्या भीतीने सुटल्या. मला आनंद झाला आणि तो पुरता होईना.

जेवणाच्या खोलीत आज गेले. बातमी पसरली असणार. मला वाटलं होतं, आता कुणीतरी सरकून जागा देईल. पण कुणी हललं नाही. पूर्वी मी पकडेन म्हणून सगळे भीत होते, आता मी जोडपत्रात घालेन म्हणून भितात.

२९ एप्रिल, मंगळवार

उद्या बसवजयंतीची सुट्टी, म्हणून अक्कांचा निरोप आजच. शाल, हार, पेढे. सूत्रसंचालन किरणचं, आणि 'सचोटी' हा शब्द त्यांनी पाच वेळा वापरला. मी मागच्या रांगेत बसले, माझ्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती. अक्कांना बोलायला सांगितलं तर उभ्या राहून म्हणाल्या, "पुष्कळ झालं की. गाडीची वेळ होतीय," आणि बसल्या. सगळे हसले.

पाचला मी खाली गेले. शेवटच्या कागदी नोंदवहीचं शेवटचं पान. अक्कांनी ती नेहमीसारखी माझ्याकडे सरकवली, पट्टीसकट. शेवटच्या नोंदीखाली पान मोकळं होतं. मी लाल पेन काढलं नाही. नुसती सही केली, वेळ लिहिली आणि वही मिटली.

"भाकरी जमली का?" त्यांनी विचारलं.

"तुटते."

"पाणी कढत घ्या. कोमट पाण्यानं पीठ जुळून येत नाही." पिशवी खांद्याला अडकवली आणि गेल्या. मी फाटकापर्यंत गेले. तिथून पुढे बरोबर चला म्हणतील असं वाटलं होतं, पण त्यांची बस आली.

२ मे, शुक्रवार

काल कामगार दिनाची सुट्टी, आज पुरवणी परीक्षेच्या अर्जांचा शेवटचा दिवस. नऊलाच ऑफिसला पोचले. बंद खिडकीसमोर पायरीवर एक मुलगी बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन, नुकतीच झोपेतून उठल्यासारखी. मला बघताच उभी राहिली आणि एक पायरी मागे सरकली. शीतल.

"मॅडम, आज मी वेळेत आहे," ती म्हणाली.

काल संध्याकाळीच येऊन बस स्टँडवर झोपली होती, गाडी पुन्हा थांबली तर म्हणून. मी माझा डबा पुढे केला. ती नको म्हणाली. दोनदा म्हणाली. मग मी डबा पायरीवर ठेवून आत गेले. थोड्या वेळाने पाहिलं तर डबा तसाच होता, झाकण न उघडलेला. दहाला तिचा अर्ज संगणकात गेला, पावती मिळाली. ती पावती हातात घट्ट धरून गेली.

दुपारी सुभाष रोडवरून शंभर पानी वही आणली. रकाने आखले. नाव, गाव, आल्याची खरी वेळ, उशीर का झाला. पाचला संगणक बंद झाला, सगळे गेले. मी अक्कांच्या खुर्चीत बसले आणि खिडकीतला दिवा लावला. या वहीने कुणाचा अर्ज मंजूर होणार नाही, ते मला माहीत आहे, आणि येणाऱ्याला मी तसं सांगेन. पण आलेला माणूस आला होता, एवढं लिहिलं जाईल. ती भरली की कुलसचिवांपुढे ठेवीन. हेही जोडपत्रच.

सव्वासहापर्यंत बसले. कुणी आलं नाही. वहीत तारीख टाकली, बाकी पान कोरं.

मध्ये एकदा उठून बाहेर गेले, फाटकापर्यंत, दिवा दिसतो का ते बघायला. रस्त्यापासून दिसत होता.